मोटर फिरतेय, पण शाई ढवळली जातेय का?

मेकॅनिकल करून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लागलात आणि इंकजेट प्रिंटरच्या शाईच्या टाकीचं ढवळणं तुमच्या गळ्यात पडलं, तर पहिल्या आठवड्यात वाटतं की यात डिझाइन करण्यासारखं आहे काय? दीड लिटरची टाकी, आत पातं लावलेलं चुंबक, खाली मोटरवर चुंबक बसवलेली चकती. लॅबमधला मॅग्नेटिक स्टरर लहान केला की झालं. तसं होत नाही, म्हणून हे लिहितोय.

पिगमेंट, म्हणजे शाईत न विरघळता तरंगणारी रंगाची पूड, खाली बसतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण सगळी पिगमेंटं सारखी बसत नाहीत. कार्बन ब्लॅकची घनता १.८ च्या आसपास, कण ०.१ मायक्रॉनचा. कण द्रवात किती वेगाने बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्रात घालून बघा, दिवसाला मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा खाली जात नाही. एवढ्या बारीक कणाला द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी ब्राउनियन हालचालच तरंगत ठेवते. पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड मात्र ४.२ घनतेचा. कण पाव मायक्रॉनचा आणि शाईची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ५ सेंटीपॉइझ धरली, तर दिवसाला जवळजवळ २ मिलिमीटर. कण एकमेकांना चिकटून गोळे झाले तर त्याहून जास्त, कारण वेग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. आपल्याकडे दिवाळीला बंद झालेले कारखाने लाभपाचमेला (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतात. तेवढ्या दिवसांचा हिशोब तुम्हीच करा.

आता सापळा. हा नीट वाचा, बाकीचं चाळलंत तरी चालेल.

मोटर आणि पातं यांच्यामध्ये दांडा नसतो, फक्त चुंबकाची ओढ असते. हीच या रचनेची खुबी, कारण दांडा नाही म्हणजे सील नाही, म्हणजे गळती नाही. पण सुट्टीत बसलेला पांढरा थर पात्याला घट्ट धरतो, दुधाच्या पातेल्याला बुडाशी खरवड धरावी तसा. लाभपाचमेला कोणीतरी स्विच दाबतं. मोटर झटक्यात पूर्ण वेग घेते, आतल्या चुंबकाला ती पकडता येत नाही, ते सुटतं आणि जागच्या जागी थरथरत राहतं. खालची चकती मजेत फिरतेय, आवाज येतोय, दिवा हिरवा आहे. शाई पांढरी, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. करंट मोजलात तर आणखी फसाल! सुटलेल्या चुंबकाला शाई ढकलावी लागत नाही, म्हणून करंट नेहमीपेक्षा कमीच दिसतो, आणि कमी करंट म्हणजे सगळं ठीक असं आपण धरून चालतो.

पुढचं ठरलेलं. सुरतहून फोन येतो, पांढरा रंग कापडावर राखाडी दिसतोय, नाहीतर नोझल बंद. गिऱ्हाईक म्हणतं हेड (शाईचे थेंब उडवणारा भाग) गेलं, शाईवाला मशीनकडे बोट दाखवतो, मशीनवाला शाईकडे. मी तेव्हा पात्याचे कोन बदलत बसलो होतो, रोज नवा नमुना थ्रीडी प्रिंट करून. पातं फिरतच नव्हतं.

ते पकडलं आमच्या फिटरकाकांनी. मोटर बंद करून त्यांनी खालची चकती बोटाने सावकाश फिरवली. आतलं चुंबक मोकळं असेल तर चकती सरळ, गुळगुळीत फिरते. अडकलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात ओढते, अडते आणि मग टक्‌कन पुढे उडी मारते, बोटाला स्पष्ट कळतं. काका म्हणाले, "बेटा, अंदर चोंटी गयुं छे." म्हणजे आत चिकटून बसलंय. गिअर नसलेली मोटर असेल तर ही तपासणी फुकट आहे. रोज सकाळी करा.

उपाय अवघड नाहीत. मोटर सावकाश सुरू करा. आधी थोडं उलट, थोडं सुलट हलवून थर सैल करा, मगच वेग वाढवा. पातं तळावर टेकवू नका, छोट्या खुंटीवर उचलून धरा. टाकीच्या तळाची जाडी मोल्डवाल्याच्या मर्जीवर सोडू नका, कारण अंतर वाढलं की चुंबकाची पकड सरळ हिशोबाने कमी होत नाही, पार ढासळते. आणि टाकीच्या बाजूला, चकतीपासून जमेल तितक्या लांब, चुंबकाचं क्षेत्र ओळखणारा एक हॉल सेन्सर लावा, म्हणजे आतलं चुंबक खरंच फिरतंय का हे त्याचंच क्षेत्र सांगेल. सेन्सर स्वस्त असतो, तरी खर्चाच्या यादीतून पहिला तोच कापला जातो. भांडा. रात्रभर मधूनमधून ढवळायचा प्रोग्रॅम छान आहे, पण वीज वाचवायला मालक मेन स्विच पाडून घरी जातो, हे धरूनच डिझाइन करा.

वेग वाढवून प्रश्न सुटत नाही. भोवरा पडला की हवा आत जाते. पिएझो हेड दाबाच्या धक्क्याने थेंब उडवतं; त्यात बुडबुडा असला की तो धक्का बुडबुडाच खातो आणि थेंब उडत नाही. टाकी रिकामी होत आली की हे आणखी लवकर होतं, म्हणून पातळी उतरली की वेगही उतरवा.

सिम्युलेशनची रंगीत चित्रं साहेबांना आवडतात, करून द्या. ती साधारण एकजीव शाई धरून काढलेली असतात, तुमचा प्रश्न बसलेल्या थराचा आहे. नुसत्या पाण्यावर चाचणी तर करूच नका. पारदर्शक टाकीत ग्लिसरीन-पाणी घालून प्रवाह बघा, मग खरी शाई भरून ती मुद्दाम बसू द्या, आणि तिथून चाचणी सुरू करा. वरून आणि तळातून नमुना घ्या, वजन करा, ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा. दोन्हीकडचा घन भाग जुळला तरच ढवळलं गेलं. दुसरा पुरावा मी मानत नाही.

मटेरियलचं थोडक्यात. पाण्याच्या शाईला ईपीडीएम रबराचे ओ-रिंग चालतात, तेलाच्या शाईत तेच फुगतात. यूव्ही (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या) शाईजवळ तांबं-पितळ आणू नका. चुंबकाच्या निकेल प्लेटिंगवर विसंबू नका, ते प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद करा. साधं निओडिमियम ८० अंशांपुढे ताकद गमावतं, त्यामुळे मोल्डिंग करतानाच सांभाळा.

शिकायचं कोणाकडून? माझं मत विचाराल तर ज्याचे हात शाईने माखलेत त्याच्याकडून. १८९० मध्ये सयाजीरावांनी काढलेल्या कलाभवनात रंगकाम आणि यंत्रकाम एकाच संस्थेत शिकवत. आज त्याच परंपरेतल्या, एम. एस. विद्यापीठाच्या फॅकल्टीत टेक्सटाइल केमिस्ट्री आहे, पण मेकॅनिकलची पोरं तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही जा. डिस्पर्संट (कण एकमेकांना चिकटू न देणारं रसायन) म्हणजे काय, शाई कशाने फाटते, हे तासाभरात समजतं आणि पुढचे महिने वाचतात.

सुरुवातीला काहीच जमत नाहीये असं वाटेल. वाटू द्या, पहिल्या वर्षात सगळ्यांचं तसंच असतं. चुंबकं मात्र हिशोबापेक्षा थोडी जादा मागवा आणि एकेक वेगळी ठेवा. टेबलावर सुटी टाकलीत तर एकमेकांवर आपटून त्यांचे टवके उडतात, आणि मध्ये बोट सापडलं तर नख काळं-निळं होतं.