जुनी लक्झरी गाडी घेतल्यावर आधी गिअरबॉक्स ऑइल बघा

सर्व्हिसचा इतिहास नसेल तर काहीच बदललेलं नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं, म्हणून २ वर्षांहून जुनं असेल तर तेही काढा.

खरा घोळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणजे ते कधीच बदलावं लागत नाही, या दाव्यावर विसंबू नका, हे लाइफटाइम बहुधा पहिल्या मालकापुरतंच असतं! झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. तिच्या ८-स्पीड गिअरबॉक्समध्ये बहुतेकदा फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच (खालच्या ऑइलच्या ट्रेमध्ये) असतो, त्यामुळे पॅन, गॅस्केट (गळती रोखणारं सील) आणि बोल्ट असा पूर्ण संच घ्या. जुनं ऑइल सोडायचा ड्रेन प्लग काढण्याआधी नवं भरायचा फिल प्लग सुटतो का ते पाहा. तो अडकला तर नवं ऑइल भरता येत नाही आणि गाडी जागेवरच बसते. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना तपासायची. थंड इंजिनवर नाही.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलताना त्याच्या नळ्यांचे प्लास्टिकचे जोड आणि एक्स्पान्शन टँक, म्हणजे जादा कूलंटची टाकी, नीट बघा. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं, हात लावताच तुटतं. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे ४ अंक म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी टायर किती जुना आहे हे कळायला ते अंकही वाचा.