बीबीसी मायक्रोवर एकच प्रोग्राम, तीन भाषांत

1984 ला शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा सरकारचा क्लास प्रोजेक्ट सुरू झाला, त्यातून आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले होते. एका मशीनवर पाच जण, हाताला कीबोर्ड लागायचा जेमतेम दहा मिनिटं. ती हौस मनात राहिली ती राहिलीच. पुढे ऑनसाईटला मँचेस्टरला असताना त्याच मशीनचं एक जुनं मॉडेल बी मिळालं, आता जेवणं उरकली की तासभर त्याच्यावरच असतो. नवीन कोणी या नादाला लागत असेल तर त्याच्यासाठी लिहितोय.

जुनं मशीन हाती आलं की लगेच प्लग लावू नका. मी लावला, वीसेक मिनिटं छान चाललं आणि मग फट्ट करून खोलीभर उग्र धूर. पॉवर सप्लायमधले मेन्स फिल्टरचे कॅपॅसिटर वयानुसार तडकतात, ते आधी जाणकाराकडून बदलून घ्या. मशीन नसेल तरी अडत नाही, ब्राउझरमध्ये चालणारा जेएसबीब नावाचा इम्युलेटर, म्हणजे या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम आहे.

आता भाषा. बरेच जण पाच भाषांची पाच ट्युटोरियल करतात आणि महिन्याभराने काहीच आठवत नाही. माझं म्हणणं, एकच छोटं काम घ्या आणि तेच प्रत्येक भाषेत करा. मी घेतलं ते हे: पूर्ण स्क्रीन 'ए' अक्षराने भरायची. मोड 7 या अक्षरांच्या स्क्रीन-मोडमध्ये 40 कॉलम, 25 ओळी, म्हणजे 1000 घरं, मेमरीत 31744 पासून. तिथे 65 टाकलं की स्क्रीनवर 'ए' उमटतो.

बेसिकमध्ये 31744 ते 32743 असा साधा फॉर लूप. सोफी विल्सन यांनी लिहिलेलं हे बेसिक त्या काळातल्या घरगुती कॉम्प्युटरवर खूपच वेगवान, तरी अक्षरं खाली उतरताना डोळ्यांना दिसतात. व्हेरिएबलच्या नावापुढे टक्क्याची खूण द्या, मग ते पूर्णांक धरलं जातं आणि लूप चांगलाच पळतो. एकदा मधेच 24 घरांची फट राहिली, मी तासभर लूपच तपासत बसलो. कारण वेगळंच होतं, स्क्रीन स्क्रोल झाली की पहिलं घर 31744 वर राहत नाही, ते पुढे सरकतं, आणि 1024 बाइट्सपैकी न वापरलेली 24 दिसायला लागतात. सुरुवातीला मोड 7 ची ओळ टाका, प्रश्न मिटतो.

असेंब्ली म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहायची भाषा, तिच्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही, बेसिकच्याच प्रोग्राममध्ये चौकोनी कंसात लिहायचं, हे मला या मशीनचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. मशीनच्या 6502 प्रोसेसरचा एक्स रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची त्याची छोटी जागा, 255 च्या पुढे मोजत नाही, मग 1000 घरं कशी भरणार? एकाच फेरीत चार ठिकाणी लिहायचं: 31744, 32000, 32256, 32512, प्रत्येकात एक्स मिळवून. 24 घरं जास्तीची भरतात पण ती दिसत नाहीत. एका फेरीला प्रोसेसरच्या 25 सायकल, 256 फेऱ्या, 2 मेगाहर्ट्झला साधारण 3.2 मिलिसेकंद. टीव्हीचं चित्र दर 20 मिलिसेकंदांनी नव्याने उमटतं, म्हणजे डोळा लवायच्या आत काम संपलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसता रन करत बसलो होतो परत परत.

तिसरी भाषा फोर्थ. तिची रॉम चिप बसवली असेल तर तिकडे जायच्या आधी बेसिकचा प्रोग्राम सेव्ह करा, नाहीतर गेला समजा. फोर्थला लोक उलटी भाषा म्हणून घाबरतात. पण बघा, 31744 1000 65 फिल, एवढीच ओळ. आपण मराठीत काय म्हणतो, 31744 पासून 1000 घरं 65 ने भर. क्रियापद शेवटी! मी तर रोमन अक्षरांत 'भर' असा नवीन शब्दच बनवून घेतलाय, फोर्थ ते आनंदाने चालवून घेतं. मराठी माणसाला फोर्थ जड जायचं काहीच कारण नाही असं मला मनापासून वाटतं.

पास्कल, लिस्प, बीसीपीएल या भाषाही या मशीनवर आहेत, पण या तिघांवर हात बसल्यावर.

हे जमलं की पुढचं काम घ्या: स्क्रीनवर ए ते झेड ओळीने, झेड झाला की परत ए. 256 ला 26 ने भाग जात नाही, त्यामुळे असेंब्लीतली चार ठिकाणांची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही, पत्ता दोन बाइटमध्ये ठेवून वाय रजिस्टरने चालावं लागतं. मला त्याला तीन रात्री लागल्या, फोर्थमध्ये अर्धा तास.