पिकअपला लिफ्ट किट टाकताय? या चुका टाळा

लिफ्ट किट म्हणजे गाडीची उंची वाढवणारा स्प्रिंग-शॉकअप वगैरेंचा संच. त्याचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती इंच? मी पण माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपच्या वेळी हेच विचारलं होतं आणि तिथेच चुकलो. आधी विचारायला पाहिजे होतं की गाडीवर रोज वजन किती असतं, त्यातलं पुढे किती आणि मागे किती, कारण स्प्रिंग वजन बघून निवडायची असते, उंची त्यातनं मिळते.

माझ्या गाडीला मागे जे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसवले ते कायम ३०० किलो माल असणाऱ्या गाडीसाठीचे होते. माझ्या हौद्यात रोज काय असतं, तर एक टूलबॉक्स आणि स्टेपनी बांधायचा पट्टा. दिसायला गाडी एक नंबर दिसत होती, पण रिकामी असली की शिळफाटा रोडच्या प्रत्येक जॉइंटवर मागनं उडायची. आईला मागच्या सीटवर बसवून ठाण्याहून जुन्नरला निघालो, मुरबाडलाच तिने कंबर धरली, माळशेज चढायच्या आधी दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्याच महिन्यात ते पाटे काढले, पैसे गेले ते गेले, पण तिला झालेला त्रास अजून मनात आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

तर पहिलं काम, वजनकाटा. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाजूला, तळोजा एमआयडीसीत काटे भरपूर आहेत. टाकी फुल करा, रोजचं सामान ठेवा, आधी पूर्ण गाडी चढवा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून परत वजन घ्या, वजाबाकी केली की मागचं कळलं. ती पावती घेऊन किटवाल्याकडे जा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावणार असाल तर ८०-१०० किलो सहज वाढतात, आणि साध्या स्प्रिंगवर दोन इंच म्हणून घेतलेली लिफ्ट त्या वजनाखाली बरीच कमी होते. विंच पुढे कधीतरी लावू असा नुसता विचार असेल तर मात्र आत्ता जड स्प्रिंग घेऊ नका, जे आज गाडीवर आहे त्यावरच ठरवा.

दुसरी चूक स्पेसरची, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या वर टाकायच्या जाड चकतीची, आणि ही खूप जण करतात कारण स्पेसर स्वस्त पडतो. व्ही-क्रॉस काय किंवा हायलक्स काय, पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे चाक वरच्या (अप्पर) आणि खालच्या (लोअर) अशा दोन आर्मवर धरलेलं असतं, शॉकअप लोअर आर्मच्या मधे कुठेतरी बसतो, चाकापाशी नाही. त्यामुळे वर २५ मिमीचा स्पेसर टाकला की चाकाजवळ गाडी साधारण ५० मिमी उचलली जाते. हे माहीत नसल्यामुळे लोक दोन इंच पाहिजे म्हणून ५० मिमीचाच स्पेसर घेतात, गाडी चार इंचाच्या आसपास जाते, मग ॲक्सल शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वाकलेला असतानाही चाक फिरवणारा सांधा) एवढ्या तिरक्या कोनात फिरतो की रबरी बूट घासून फाटतो, ग्रीस बाहेर, पावसाळ्यात आत पाणी आणि चिखल, जॉइंट संपला. अप्पर आर्मचा बॉल जॉइंट पण शेवटापर्यंत ताणलेला राहतो. माझं स्पष्ट मत आहे की ठाणे-नवी मुंबईत रोज चालणाऱ्या आणि सुट्टीत घाटात जाणाऱ्या गाडीला पुढे ४० ते ५० मिमी लिफ्ट पुरेशी आहे, त्याच्या वर जायचं तर वेगळे अप्पर आर्म आणि डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली घ्यायचं किट यांचा खर्च धरूनच बोला.

मागे पाट्याचं काम असतं. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासिसला जोडणारा दुवा) लावायचा तर तो जेवढा लांब त्याच्या निम्मीच उंची मिळते, म्हणजे ५० मिमी जास्त लांबीचा शॅकल आणि २५ मिमी लिफ्ट, आणि फार लांब घेतला की मागचा भाग वळणावर आडवा हलतो. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी ब्लॉक टाकतात, तो एकच असावा, ब्लॉकवर ब्लॉक रचलेले मी स्वतः पाहिलेत, कृपया नका करू, जोरात पिकअप घेतला की ॲक्सल पिळतो आणि ब्लॉक सरकायला बघतो. पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवीनच घ्या, जुने एकदा ताणलेले असतात, आणि बसवल्यावर १०० किमीला एकदा, ५०० किमीला एकदा टॉर्क रेंचने परत बघून घ्या.

आता ती चूक जी बाहेरून दिसतच नाही. मित्राच्या गाडीला चारच महिन्यांत लोअर आर्ममधून कर्रकर्र आवाज यायला लागला, आम्ही चटई टाकून खाली गेलो, टॉर्च मारला तर आर्मच्या सांध्यातल्या बुशच्या रबराला एका बाजूने नखाएवढी चीर, बोटाने दाबली की उघडायची. किट चांगलं होतं, काम चुकलं होतं. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, अशा वेळी बोल्ट आवळून टाकला की रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर प्रत्येक खड्ड्याला अजून पिळतं. म्हणून लोअर आर्मचे आणि पाट्याचे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच फायनल पाना मारायचा. गॅरेजमधे उभं राहून हे एवढं एक तरी डोळ्यांनी बघाच.

किट बसवायच्या आधी आणि नंतर चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या आणि लिहून ठेवा. नंतर गाडी एका बाजूला झुकल्यासारखी वाटली तर भांडायला आधार तोच, कारण काही गाड्या कंपनीतूनच पाच-दहा मिमी झुकलेल्या असतात. नवीन स्प्रिंग पहिल्या हजारेक किमीत थोडी बसते, म्हणून अलाइनमेंट दोनदा, बसवल्यावर लगेच आणि हजार किमीनंतर.

बसवल्यावर काही त्रास झालाच तर लगेच किट खराब म्हणू नका. ठाणे-बेलापूर रोडला ८० वर गाडी इकडे-तिकडे भटकते, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, तर कॅस्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिची मागे झुक) कमी झालाय, अलाइनमेंटवाल्याने फक्त टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलीत का) बघून सोडून दिलंय, त्याला कॅस्टर आणि कॅम्बर (उभ्या चाकाची आत-बाहेर झुक) यांची प्रिंट मागा. सिग्नलवरून उचलताना खालून थरथर येते आणि वेग आला की जाते, तर मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललाय, त्याचं मधलं सेंटर बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागेल. स्पीडब्रेकर उतरताना ठक्क आवाज येतो, तर बहुतेक जुनेच शॉकअप ठेवलेत आणि ते पूर्ण ताणले जाऊन आपटतायत, उंच स्प्रिंगला लांब शॉकअपच लागतो.

ब्रेकचं मात्र सगळ्यात आधी बघा. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते, ती एलएसपीव्ही नावाच्या व्हॉल्व्हला सांगते की मागे माल आहे की नाही. मागची उंची वाढवली की दांडी खाली ओढली जाते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो, हौद्यात माल भरलेला असला तरी. तुमच्या गाडीला ती असेल तर तिचं ब्रॅकेट लिफ्टच्या मापात सरकवून घ्या. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लटकल्यावर ताणत नाही ना, हे पण त्याच वेळी.

टायरबद्दल थोडक्यात. मागचा ॲक्सल सरळ हाउसिंगचा आहे, त्यामुळे कितीही लिफ्ट करा, डिफरेन्शियलचा गोळा जमिनीपासून एक मिमी पण वर जात नाही, तो फक्त मोठ्या टायरने जातो. २४५/७० आर१६ वरून २६५/७० आर१६ वर गेलात तर तिथे साधारण १४ मिमी मिळतात आणि स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या आसपास असेल.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या, आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको. सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाडीवर गाडी) असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी तिथली उंची मोजा, कॅनोपी (हौद्यावरचं छत) आणि रूफ रॅक धरून.

आणि हेडलाइट. हे कोणीच करत नाही आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर समोरच्या बाइकवाल्याचे डोळे दिपतात. लो बीम साधारण १ टक्का, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर, खाली झुकवलेला असतो. व्हीलबेस ३ मीटरच्या थोडा वर आहे, मागच्यापेक्षा पुढचं नाक २५ मिमी जास्त उचललं की बीम ०.८ टक्का वर येतो, म्हणजे ती झुक जवळजवळ संपली, ३० मीटरवर उजेड २४ सेंटीमीटर वर, शिवाय दिवाच वर गेलाय तो वेगळा. किट बसवायच्या आधी रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर २५ फुटांवर गाडी उभी करा, लो बीमची वरची कड आणि दिव्याच्या मध्याची उंची दोन्ही ठिकाणी टेप चिकटवा, त्यातलं अंतर मोजून ठेवा. काम झाल्यावर त्याच जागी गाडी लावा, दिव्याच्या मध्याची नवीन उंची घ्या, आणि कड तिच्याखाली तेवढ्याच अंतरावर येईपर्यंत बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागचा ॲडजस्टिंग स्क्रू फिरवा, दोन्ही बाजूंचा, दहा मिनिटांचं काम आहे.