खडाखडा वाचतं, पण कळतं का? मुलांचं वाचन तपासताना या चुका टाळा

मुलाने धडा न अडखळता वाचून दाखवला की आपण निर्धास्त होतो आणि अडखळलं की धास्तावतो. दोन्ही वेळा घाईच होते.

उताऱ्यातून उचलून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू नका. हे निरर्थक शब्दांचं वाक्य पाहा: ‘लोमू गिंजावर फटारत होता.’ लोमू कशावर फटारत होता? ‘गिंजावर.’ उत्तर अगदी बरोबर, पण कळलं काय? काहीच नाही! त्यापेक्षा ‘ती गप्प का बसली असेल? कशावरून म्हणतोस?’ असं विचारा. उत्तर शोधताना पुस्तक उघडंच राहू द्या, नाहीतर ती पाठांतराची परीक्षा होते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे अडचण कुठे आहे ते न बघता ‘अजून वाच’ म्हणत राहणं. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं आकलन गुणाकारासारखं मांडलं: लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य. हे घरीही ताडून बघता येतं. सारख्याच काठिण्याचे दोन उतारे घ्या. एक मुलाला वाचू द्या, दुसरा तुम्ही वाचून दाखवा, आणि दोन्हींवर गप्पा मारा. ऐकलेलं छान कळतंय, पण वाचलेलं नाही, तर बहुधा मात्रा, जोडाक्षरं आणि शब्द ओळखण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होतेय. ऐकूनही कळत नसेल, तर नुसतं वाचन वाढवून भागणार नाही. शब्दसंग्रह तोकडा आहे का, घरची भाषा वेगळी आहे का, लक्ष टिकतं का, हे बघावं लागेल. अशा मुलाला गोष्टी आणि भरपूर बोलणं हवं.

साधारण सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात. तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचा, म्हणजे शब्द वाचण्या-लिहिण्यातल्या मुळातल्या अडचणीचा, शिक्का मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ‘मोठं झाल्यावर येईल’ म्हणून वर्षं घालवणं मात्र त्याहून वाईट. यमक जुळवणं किंवा शब्दातले आवाज सुटे करणं जमत नसेल, घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण असेल, नेमकी मदत देऊनही काही महिन्यांत फरक पडत नसेल, तर तज्ज्ञांकडे जा. आणि कृपा करून त्या मुलाला ‘आळशी’ म्हणू नका. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो.

तज्ज्ञांकडे जाताना मुलाच्या वाचनातल्या चुका टिपलेली वही सोबत न्या. ‘पाणी’ऐवजी ‘पान’ वाचलं, मग थांबून स्वतःच सुधारलं की तसंच पुढे गेलं, एवढं जरी टिपलेलं असलं तरी तपासणाऱ्याला गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळतं.