कारचा अ‍ॅम्प सारखा बंद पडतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

सिग्नलला गाडी थांबली की बास गायब, पुढे निघाली की पुन्हा सुरू. गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्याच्या गाडीला हाच त्रास होता. पुण्यात सिंहगड रोडच्या कोंडीत तर डिक्कीतला अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, दर दोन मिनिटांनी लाल दिवा लावून बंद व्हायचा. बसवणाऱ्याने एका वाक्यात निकाल दिला, "अ‍ॅम्प गेलाय, नवा टाका." मी मेहुण्याला म्हटलं, पैसे मोजायच्या आधी व्होल्टेज मोजू.

न मोजता वस्तू बदलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुण्याच्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, साधा डिजिटल मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या मानाने अगदी स्वस्तात मिळतो. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4. पण नुसती बॅटरी मोजून थांबू नका. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा, आणि तेही दणकून बास चालू असताना. गाणं बंद असेल तर वायरमधून फारसा करंटच वाहत नाही, त्यामुळे खराब जोडणीही ठणठणीत दिसते.

मेहुण्याच्या गाडीत बास वाजताना बॅटरीवर 13.6 होते, अ‍ॅम्पवर 11.1. मधले अडीच व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी लांब वायर लावून अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह बाजू) धरली: 2.1 व्होल्ट. म्हणजे जवळपास सगळा तोटा अर्थमध्येच. इथे पाव-अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला की गडबड समजा.

अर्थची वायर मागच्या सीटखाली एका बोल्टला आवळलेली होती, थेट रंगावर. रंग वीज वाहू देत नाही. आवळलेल्या बोल्टच्या आट्यांतून जेमतेम काम चालत होतं. वर पावसाचं पाणी झिरपून गंज चढला होता. सिग्नलला इंजिन आयडलवर, म्हणजे संथ फिरत असतं, तेव्हा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) कमी करंट देतो, त्यात वायपर, हेडलाइट, एसी. तेव्हा उरलंसुरलं व्होल्टेजही खाली यायचं आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. तो बिघडलेला नव्हताच.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. तोटा 0.2 वर आला. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. सीटबेल्टच्या बोल्टला ती कधीही लावू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

वायरच्या जाडीवर पैसे वाचवू नका. 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण 45 अँपिअर ओढतो. त्याला 4 गेजची, म्हणजे सुमारे 21 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्या. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चमक दिसली की ओळखा.

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं तर धोक्याचंच. फ्यूज वायरला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरच्या क्षमतेवरून ठरतो. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वारंवार उडत असेल तर इंजिनकडून केबिनमध्ये वायर येते तिथला पत्रा बघा. भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं कडं) नसेल तर पत्र्याची कड वायरचं आवरण कापत जाते.

अ‍ॅम्पवर 13 व्होल्ट आहेत, तरी दिवाच लागत नाही? मग रिमोट वायर, म्हणजे अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देणारी वायर, तपासा. स्टिरिओमागची ही वायर बहुधा निळी-पांढरी असते आणि स्टिरिओ चालू असताना तिच्यावर 12 व्होल्टच्या आसपास यायला हवेत. काही जण घाईत ती पिवळ्या, कायम चालू वायरला जोडून टाकतात. मग अ‍ॅम्प रात्रभर जागाच राहतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. संशय आला तर किल्ली काढल्यावर दहा मिनिटांनी डिक्की उघडा: अ‍ॅम्पचा दिवा तेव्हा विझलेलाच असला पाहिजे.