बदलीवर खान्देशात आलात आणि जुनी गाडी विकायची आहे?

बदलीवर जळगाव-भुसावळला येणाऱ्यांचं सामान लागतं न लागतं तोच हा प्रश्न येतो : बरोबर आणलेली जुनी अल्टो किंवा सँट्रो इथेच विकू का? मी मूळचा रत्नागिरीकडचा, आता इथलाच झालो आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. खुशाल विका, छोट्या गाडीला इथे गिऱ्हाईक आहे. फक्त आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, दुसऱ्याचं नाव चढेपर्यंत गाडी तुमचीच, हे पक्कं धरून चला.

इथला पैसा शेतीच्या चालीने फिरतो. दसऱ्या-दिवाळीनंतर कापूस विकला जातो तेव्हा, आणि मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला, लग्नसराईत विचारणा वाढते. जूनमध्ये पैसा बी-बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. पितृपक्षात तर गाडी बघायलाही कुणी फिरकत नाही.

गिऱ्हाईक एकटं येत नाही. बरोबर ओळखीचा मिस्त्री असतो आणि सौदा खरा त्याच्या नजरेवर ठरतो. एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीची गाडी, पाहिली की तो आधी पायाखालचं मॅट उचलून पत्र्यावर बोट फिरवतो. समुद्राकाठच्या गाडीला गंज असतो हे त्याला ठाऊक असतं. मग ऑइलचं झाकण उघडून आत पांढरा फेस दिसतो का बघतो, दाराचं रबर ओढून वेल्डिंगच्या खुणा शोधतो. शेवटी एसी लावून, बॉनेट उघडं ठेवून नुसता उभा राहतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, म्हणून रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरतो का, काटा वर चढतो का, हे त्याला बघायचं असतं. त्यांच्या येण्याआधी गाडी गरम करून ठेवू नका, थंड इंजिन त्यांच्यासमोरच चालू करा. गंज असेल तर मॅट तुम्हीच उचला. दाखवलेल्या गंजापायी थोडी घासाघीस होते. लपवलेला सापडला तर माणूस चहासुद्धा न घेता उठतो.

भाव बोलण्याआधी कागद बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पासिंग करून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत जवळ आली असेल तर हा खर्च कोण करणार ते आधीच ठरवा. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवून घ्या. राहिलेली चलानं भरून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "साहेब, फॉर्मवर सह्या करून ठेवा, बाकी मी बघतो," असं म्हणणारा हमखास भेटतो. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरलेला असल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या सह्यांवर गाडी पुढे दोन-तीन हात फिरते आणि आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच राहता. अशाच हस्तांतर न झालेल्या गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विक्री आरटीओला कळवायला राज्यातल्या राज्यात १४ दिवस असतात. तुमच्या बाजूचं काम त्याच आठवड्यात उरका. चावी देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत ठेवा.

रावेरकडे बऱ्हाणपूरचं आणि नवापूरकडे सुरतचं गिऱ्हाईक येतं. भाव बरा देतात, पण गाडी परराज्यात जाणार म्हणजे २८ नंबरच्या फॉर्मवर आरटीओची एनओसी आलीच. ती हातात येईपर्यंत गाडी दारातच राहू द्या.

पैसे शक्यतो बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि बँकेची नोंद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत तर पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतो. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. आणि महिन्याभराने परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव बदललेलं दिसत नसेल तर डिलिव्हरी नोट घेऊन सरळ आरटीओत जा.