कराटे, ज्युडो, बॉक्सिंग येतं म्हणून रस्त्यावर निभावेलच असं नाही: या चुका टाळा

मार्शल आर्ट शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की उद्या खरंच कोणी अंगावर आलं तर हे सगळं कामाला येणार का. मी बरीच वर्षं कराटे केलं, नंतर ज्युडोकडे वळलो, आता शिकवतो, आणि माझं प्रामाणिक उत्तर आहे की येतं, पण अर्धंच. क्लासमध्ये मॅच सुरू होते तेव्हा दोघं तयार असतात, समोरासमोर उभे असतात, वाकून नमस्कार होतो आणि मग रेफरी सुरू करा म्हणतो. रस्त्यावरचं भांडण त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं, बोलण्यात, नजरेत, कोण किती जवळ येऊन उभा राहिला त्यात, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत पहिला फटका बसून गेलेला असतो. बहुतेक चुका एकतर या सुरुवातीच्या भागात होतात नाहीतर सगळं संपल्यावर, आणि नेमके हेच दोन भाग बऱ्याच क्लासमध्ये कोणी शिकवत नाही.

बेल्टवर विसंबून राहणं

ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात असा आहे. म्हणजे अभ्यासक्रमाची तोंडओळख झाली, आता शिकायला लागा. तुमचा डाव खऱ्या माणसावर चालेल का हे बेल्टवरून कळत नाही, ते एका गोष्टीवरून कळतं, की तुम्ही तो डाव मनापासून विरोध करणाऱ्या माणसावर किती वेळा केलाय. पार्टनर हात पुढे करून थांबतो, तुम्ही मनगट पिरगाळता, तो स्वतःहून खाली बसतो, असं हजार वेळा केलं तरी शरीराला एवढंच कळतं की समोरचा थांबणार आहे.

इथे कानो जिगोरो यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १८८२ साली त्यांनी ज्युडो सुरू केलं तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा, हाडं मोडणारे धोकादायक डाव त्यांनी रांदोरीतून, म्हणजे मोकळ्या झटापटीतून बाजूला ठेवले आणि फक्त काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावात ठेवले. ऐकायला वाटतं की विद्या मवाळ केली, पण झालं उलटं, कारण जे डाव उरले ते रोज पूर्ण ताकदीने, समोरचा सुटायची धडपड करत असताना घोटता यायला लागले. म्हणून 'आमची कला इतकी घातक आहे की आम्ही स्पारिंग (पार्टनरशी सरावाची लढत) करूच शकत नाही' असं कोणी म्हणालं की मला त्या विद्यार्थ्यांची काळजी वाटते. डोळ्यात बोट घालायचा डाव ज्याने कधीच हलत्या माणसावर करून बघितला नाही त्याला तो ऐनवेळी जमणार कसा?

यावर उपाय सोपा आहे. आठवड्यातून निदान दोन वेळा असं स्पारिंग करा जिथे पार्टनरला तुम्हाला हरवायचंय. जोर कमी ठेवा, हेल्मेट आणि माउथगार्ड घाला, पण विरोध खरा पाहिजे. तुमच्या क्लासमध्ये हे होतच नसेल तर बॉक्सिंग, कुस्ती किंवा ज्युडो यातलं काहीतरी सोबत धरा, मग पहिल्याच महिन्यात लक्षात येईल की आपल्याला नक्की काय येतं.

खेळाचे नियम अंगात मुरलेत हे न ओळखणं

प्रत्येक कलेच्या नियमांनी काही सवयी लागतात. ऑलिम्पिक पद्धतीच्या तायक्वांदो मॅचमध्ये तोंडावर ठोसा चालत नाही म्हणून हात खाली राहतात. पॉइंट कराटेत एक फटका लागला की रेफरी थांबवतो, त्यामुळे फटका लागला की आपण मनातून थांबतो आणि समोरचा थांबलेला नसतो. बॉक्सर मोठ्या ग्लव्ह्जच्या मागे डोकं लपवतो, उघड्या हातांनी तसं केलं तर ठोसे मधल्या फटीतून आत येतात. ज्युडोमध्ये हाताने पाय पकडण्यावर २०१० पासून बंधनं आली, म्हणून आजच्या ज्युडोवाल्याला पायाकडे येणाऱ्या माणसाची सवयच नसते.

यात कोणती कला वाईट असा मुद्दा नाहीये. एक कागद घ्या, आपल्या खेळात काय काय चालत नाही ते लिहा, आणि महिन्यातून काही दिवस नेमकं तेच पार्टनरला करायला सांगा. आणि हो, कधीतरी जीन्स आणि बूट घालून लाथ मारून बघा, मॅटवर कमरेच्या वर जाणारा पाय ओल्या फरशीवर तुम्हालाच पाडतो.

सुरुवात झालीये हे न कळणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलीये. एका रात्री पार्किंगमध्ये गाडी काढण्यावरून एक जण माझ्याशी वाद घालायला लागला, मी शांतपणे समजावत होतो, हात खिशात होते, तो बोलता बोलता एकेक पाऊल जवळ येत गेला आणि मी त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर शोधत बसलो, मग त्याने काहीतरी प्रश्न विचारला आणि मी विचार करत असतानाच उजवा हात कानाखाली बसला. मी तेव्हा ब्लॅक बेल्ट होतो. तो हात मला दिसलाच नाही. दोन दिवस कानात आवाज येत होता आणि पुढचे कितीतरी महिने मी एवढाच विचार करत होतो की इतकी वर्षं ब्लॉक, म्हणजे फटका अडवायचे डाव, केले ते गेले कुठे.

कुठेच गेले नव्हते, त्यांना वेळच मिळाला नाही. डोळ्यांना काहीतरी दिसलं आणि त्यावर एकच ठरलेली हालचाल करायची असली तरी माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि हाताच्या अंतरावरून आलेला ठोसा तेवढ्यात पोचतो. त्यात पर्याय जास्त असतील तर वेळ अजून वाढतो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ सालीच दाखवलंय. म्हणजे बारा प्रकारच्या हल्ल्यांना बारा ब्लॉक पाठ करणं हे ऐनवेळी उलट ओझं होतं. त्यापेक्षा एकच प्रतिक्रिया अंगवळणी पाडा: हनुवटी छातीकडे, दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं पुढे, आणि एकतर आत शिरून घट्ट पकड नाहीतर ढकलून मागे. हे बहुतेक फटक्यांना चालतं आणि घाबरलेल्या अवस्थेतही आठवतं.

पण त्याहून महत्त्वाचं अंतर. अनोळखी माणूस चिडलेला असेल तर तो हात लांबवूनही पोचणार नाही इतका लांब राहिला पाहिजे, तो जवळ आला की तुम्ही मागे किंवा तिरके सरका. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे, आणि मोठ्याने, 'दादा, मला भांडायचं नाहीये, मागे व्हा.' ही पोझ दिसायला समजुतीची आहे, पण तुमचे हात आधीच तुमच्या आणि त्याच्या मधे आहेत, आणि आजूबाजूच्या लोकांनी ऐकलंय की तुम्ही नको म्हणत होता. हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव करा, खरंच करा, कारण ज्याने कधी ओरडून बघितलं नाही त्याचा ऐनवेळी आवाज फुटत नाही. मुलींच्या बॅचमध्ये मी पहिले दोन तास फक्त आवाजावर घालवतो, विशेषतः कारण त्रास देणारा बऱ्याचदा ओळखीतलाच असतो आणि ओळखीच्या माणसाला 'हात काढ' म्हणणं अनोळख्याला लाथ मारण्यापेक्षा अवघड जातं.

लक्ष कशावर ठेवायचं? शिव्यांवर नाही, हातांवर. एक हात दिसेनासा होणं, एक खांदा मागे जाणं, अचानक बोलणं तुटक होणं किंवा बंद पडणं, आजूबाजूला कोणी बघतंय का अशी झटकन नजर फिरवणं, मधेच असंबद्ध प्रश्न विचारणं. माझ्या वेळी यातल्या तीन गोष्टी झाल्या होत्या आणि मी वाद जिंकायच्या नादात होतो.

तो माणूस कशासाठी आलाय हेही ओळखा. इगोसाठी आला असेल तर सॉरी म्हणून निघून जा, चूक त्याची असली तरी. फोन, पाकीट मागत असेल तर देऊन टाका, किंवा लांब फेका आणि दुसऱ्या दिशेने पळा. पण कोणी गाडीत बस म्हणत असेल, आडबाजूला चल म्हणत असेल तर मात्र तिथेच, लोक असतील तिथेच, ओरडा, चावा, पडा, काय वाट्टेल ते करा पण जाऊ नका, कारण पुढची जागा त्याने निवडलेली असते.

बंद मुठीने डोक्यावर मारणं

ऑगस्ट १९८८ मध्ये माइक टायसन जगज्जेता असताना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका कपड्यांच्या दुकानाबाहेर त्याची आणि मिच ग्रीन नावाच्या बॉक्सरची मारामारी झाली आणि टायसनच्या उजव्या हाताचं हाड तडकलं. जगातला सगळ्यात जोरदार ठोसा मारणाऱ्यांपैकी एक माणूस, पण हाताला पट्ट्या आणि ग्लव्ह्ज नव्हते. डॉक्टर लोक करंगळीच्या मागच्या हाडाच्या मोडीला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते कडक गोष्टीवर ठोसे मारणाऱ्यांना नेहमी होतं. डोक्यासाठी तळव्याचा मनगटाजवळचा भाग, कोपर, हाताचा पुढचा भाग वापरा, मूठ पोटाबरगड्यांसाठी ठेवा. आणि ठोशाने समोरच्याच्या दातावर तुमचं बोटाचं पेर कापलं गेलं असेल तर ती जखम दिसायला कितीही छोटी असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात आणि हात कायमचा खराब होऊ शकतो.

मुद्दाम जमिनीवर जाणं

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये यूएफसी ही वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, वजनगट नव्हते, आणि रॉयस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसाने एका रात्रीत तीन मॅच जिंकल्या, सगळं मिळून साधारण पाच मिनिटांत. जगाने त्यातून शिकलं की जमिनीवरची झटापट यायलाच पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे समोर एकच माणूस होता, खाली मॅट होतं आणि त्याचे मित्र लाथ मारायला आत येणार नव्हते. रस्त्यावर स्वतःहून पाठीवर पडून गार्ड घेणं, म्हणजे समोरच्याला आपल्या पायांमधे धरून लढणं, ही जिवावर बेतणारी चूक आहे.

जमिनीवरचं शिका ते उठण्यासाठी. एक हात मागे टेकवून, दुसरा चेहऱ्यापुढे, पाय मागे ओढून उभं राहणं, हे रोज दहा वेळा करा. आणि पडायला शिका. ज्युडोतलं उकेमी, म्हणजे हनुवटी छातीला लावून डोकं वाचवत पडणं, हे मला विचाराल तर सगळ्यात जास्त कामाला येणारं तंत्र आहे, कारण एका ठोशात माणूस गेला असं आपण ऐकतो तेव्हा बऱ्याचदा ठोशाने नाही, खाली डांबरावर किंवा फरशीवर डोकं आपटल्याने गेलेला असतो. ही गोष्ट तुम्ही ज्याला ढकलताय त्यालाही लागू आहे.

चाकू हिसकावून घेता येईल असं समजणं

क्लासमध्ये पार्टनर रबरी चाकूने एक वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवतो. खरा माणूस एका हाताने कॉलर धरतो आणि दुसऱ्या हाताने शिलाई मशीनसारखे वार करत सुटतो. एक प्रयोग करा, जुना पांढरा टीशर्ट घाला, पार्टनरला मार्कर द्या आणि सांगा, बाबा वाट्टेल तसं भोसक. पंधरा सेकंदांनी टीशर्ट बघा. ज्याने हे एकदा केलंय तो परत चाकूसमोर हिरो व्हायला जात नाही.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतले पोलीस ट्रेनर डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली लिहिलं होतं की २१ फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोचतो, कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसालाही ते काढून गोळी झाडायला जेमतेम तेवढाच वेळ मिळतो. तुमच्याकडे तर काहीच नाही. पळा, गाडी, टेबल, काहीही मधे आणा, बॅग पुढे धरा. अजिबात सुटका नसेल तेव्हाच चाकूचा हात दोन्ही हातांनी धरा आणि सोडू नका. अजून एक, सरावात चाकू हिसकावल्यावर तो लगेच पार्टनरच्या हातात परत द्यायची सवय लावू नका, आधी दोन पावलं मागे जा. सराव जसा, हात तसेच चालतात.

हातपाय गळाले, श्वास संपला, काही आठवेना

हे होणारच, आणि तुमच्यात काही कमी आहे म्हणून होत नाही. ॲड्रेनालिन चढलं की बोटांची बारीक कामं जमत नाहीत, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी होते, आवाज ऐकू येईनासे होतात, आणि अर्ध्या मिनिटात पाय जड होतात. म्हणून बारीक पकडीचे डाव सोडा आणि मोठ्या हालचाली ठेवा. सुरुवातीला गोठून गेलात तर जोरात श्वास बाहेर सोडा किंवा ओरडा, त्याने शरीर सुटतं.

आम्ही क्लासच्या शेवटी एक सराव घेतो: तीस सेकंद पंचिंग बॅगवर जीव तोडून मारायचं, मग धापा टाकत असतानाच एक जण तोंडावर येऊन शिवीगाळ करतो, कधी तो अंगावर येतो, कधी नुसता बोलतो, कधी मागून दुसरा येतो. दाराबाहेर पोचला तो जिंकला. पहिल्या आठवड्यात चांगले चांगले स्पर्धक दार सोडून त्याच्याशी भिडत बसतात.

संपल्यावरच्या चुका

समोरचा पडला, मागे हटला, पळाला की थांबा. बहुतेक देशांच्या कायद्यात स्वसंरक्षण धोका असेपर्यंतच आणि धोक्याच्या प्रमाणातच धरलं जातं, पडलेल्या माणसाला मारलेली एक लाथ तुम्हालाच आरोपी करू शकते. तिथे थांबून बोलत बसू नका, सुरक्षित जागी जा आणि पोलिसांना पहिला फोन तुमचा जाऊ द्या, कोणी बघितलं असेल तर त्यांचे नंबर घ्या.

मग लगेच स्वतःचं अंग तपासा, शर्टाच्या आत हात फिरवा, काखेत, पाठीवर, मांडीच्या मागे, आणि हाताला रक्त लागतंय का बघा. चाकू लागलेल्या कितीतरी लोकांना तो नुसता गुद्दा वाटलेला असतो. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी त्या रात्री एकटे राहू नका, घरच्यांना सांगून ठेवा, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत परत परत उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळायला लागलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या किंवा झोपेतून उठवायला त्रास झाला तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटलमध्ये घेऊन जायला सांगा.